लहान ऑफिसची आतली वेबसाइट: जुन्या कॉम्प्युटरवर, आपल्या हाताने

सकाळी ऑफिस उघडलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असायचा: “लेटरहेडची नवी फाइल कुणाकडे आहे?” मग कुणीतरी व्हॉट्सॲप ग्रुप वर सरकवत जायचं, तीन आठवड्यांपूर्वीची एक फाइल सापडायची आणि ती उघडली की त्यावर जुनाच पत्ता असायचा.

आमचं ऑफिस साताऱ्यात, करसल्लागाराचं. माणसं अकरा. त्यात एक काका आहेत, सर्वांत जुने. कुठल्या ग्राहकाची फाइल कुठल्या कपाटात, कुणाला फोन दुपारी करायचा नाही, कुठल्या अर्जाला कुठली कागदपत्रं जोडावी लागतात, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एकदा ते आजारी पडून दहा दिवस घरी होते, तेव्हा आम्ही त्यांना दिवसातून चार-पाच वेळा फोन करत होतो. तापाने फणफणलेला माणूस पलंगावरून आम्हाला कपाटाचा नंबर सांगत होता. मला त्याची फार खंत वाटली. त्या दिवसांत ठरवलं की जे एकाच्या डोक्यात आहे ते सगळ्यांना बघता येईल अशा जागी लिहून ठेवायचं, आणि ती जागा म्हणजे ऑफिसची स्वतःची, फक्त ऑफिसातच उघडणारी वेबसाइट.

ही कल्पना नवी नाही. खरं तर वेबचा जन्मच यातून झाला. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत माणसं येत-जात राहायची आणि गेली की त्यांच्याबरोबर माहितीही जायची. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये त्यावर उपाय म्हणून जो प्रस्ताव मांडला, त्यातून पुढे वेब उभं राहिलं. तिथल्या लोकांना सुरुवातीला त्याचा रोजचा उपयोग झाला तो टेलिफोन डिरेक्टरी बघायला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही, हिशेबाचं काम करते. तरीही हे मला जमलं, म्हणून ज्यांनी कधीच असं काही केलेलं नाही त्यांच्यासाठी क्रमाने लिहिते आहे.

आधी एक आठवडा फक्त कागद

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी एक कोरा कागद ऑफिसच्या मधल्या टेबलावर ठेवा. आठवडाभर कुणीही कुणालाही “कुठे आहे?”, “कसं करायचं?”, “कधीपर्यंत?” असं विचारलं की प्रश्न त्यावर लिहायचा. उत्तर लिहायची गरज नाही. तोच प्रश्न पुन्हा आला तर पुढे एक रेघ मारायची.

शनिवारी तो कागद बघितला की तुमच्या वेबसाइटची पहिली पानं तुमच्यासमोर असतात. आमच्या कागदावर सर्वांत जास्त रेघा कशापुढे होत्या माहीत आहे? वाय-फायचा पासवर्ड, लेटरहेड, प्रिंटरमध्ये कागद अडकला तर काय करायचं, आणि बँकेच्या शाखेचा फोन नंबर. मी मनात मोठमोठे विभाग आखून बसले होते: संस्थेविषयी, ध्येयधोरण, बातम्या. त्यातलं एकही कागदावर नव्हतं. ते विभाग मी केलेच नाहीत, आणि आजवर कुणी मागितलेही नाहीत.

कोणता मार्ग घ्यायचा

तुमचं ऑफिस गूगलची पैसे भरून घेतलेली ईमेल सेवा वापरत असेल तर त्यातच गूगल साइट्स मिळतं. अर्ध्या दिवसात पानं तयार होतात, सर्व्हर (वेबसाइट जिथून चालते तो कॉम्प्युटर) सांभाळावा लागत नाही, घरूनही उघडतं. ऑफिसात कुणालाच तांत्रिक कामाची आवड नसेल तर सरळ तेच घ्या आणि या लेखातला मजकुराचा आणि सवयीचा भाग तेवढा वाचा.

वर्डप्रेसही लोक सुचवतात. ते उत्तम आहे, पण ते जगाला दाखवायच्या वेबसाइटसाठी जास्त शोभतं. त्याला डेटाबेस (माहिती साठवणारं वेगळं सॉफ्टवेअर) लागतो, प्लगइन म्हणजे त्याचे जोडभाग वेळच्या वेळी अद्ययावत ठेवावे लागतात.

आम्ही निवडलं डोकुविकी, म्हणजे सगळ्यांना मिळून पानं लिहिता आणि बदलता येतील असं सॉफ्टवेअर. हे मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, २००४ पासून चालू आहे. याची एक गोष्ट मला फार आवडते: याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. उद्या सगळं बंद पडलं तरी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडते आणि आपलं लिखाण आपल्या हातात असतं. शिवाय पानावर जो कुणी बदल करेल त्याची नोंद राहते. आधीची आवृत्ती आणि आत्ताची शेजारी-शेजारी ठेवून काय बदललं ते बघता येतं, आणि चूक झाली तर जुनी परत आणता येते. ज्या ऑफिसात “माझ्याकडून काही उडालं तर?” या भीतीने लोक हात लावत नाहीत, तिथे ही सोय मोलाची आहे.

कॉम्प्युटर कोणता

नवा घेऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ न चालणारे कितीतरी कॉम्प्युटर ऑफिसांच्या कोपऱ्यात पडून आहेत. त्यातला एक उचला. ४ जीबी रॅम पुरते. हार्ड डिस्क मात्र जुनी असेल तर बदलून छोटी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) बसवा. जुनी डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही आणि इथे आपण सगळ्यांचं लिखाण ठेवणार आहोत.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटरही चालतो. वीज अगदी कमी घेतो. पण मेमरी कार्डावर चालवू नका. वीज अचानक गेली की कार्ड खराब होण्याची भीती असते. त्यालाही एसएसडीच जोडा.

विजेचा हिशेब करून बघा. जुना डेस्कटॉप रिकामा चालताना ५० वॅट घेतो असं धरलं तर चोवीस तास चालवल्यावर महिन्याला ३६ युनिट होतात. फक्त ऑफिसच्या वेळेत, दिवसाला १० तास आणि महिन्याला २६ दिवस चालवला तर १३ युनिट. आमच्याकडे रात्री मेन स्विच बंद करून कुलूप लावायची पद्धत आहे, त्यामुळे यातला दुसरा, १३ युनिटचा हिशेब लागू पडला. त्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, संध्याकाळी ठरलेल्या वेळी कॉम्प्युटर आपोआप नीट बंद होईल असं लावून ठेवायचं. दोन, बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं याचा एक पर्याय असतो, तो ‘नेहमी चालू’ असा ठेवायचा. ‘आधीच्या स्थितीत’ असा ठेवला तर रात्री नीट बंद झालेला कॉम्प्युटर सकाळीही बंदच राहतो. आता सकाळी स्विच आणि यूपीएसचं बटण दाबलं की तो स्वतःहून उठतो.

यूपीएस हवाच, आणि राउटरसुद्धा त्याच यूपीएसवर घ्या. राउटर बंद पडला तर सर्व्हर चालू असून उपयोग नाही.

आणि एक चिठ्ठी चिकटवा. सर्नमधल्या पहिल्या वेब सर्व्हरवरही बर्नर्स-ली यांनी लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी होती: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. आमच्या कॉम्प्युटरवर जाड मार्करने लिहिलं आहे, “ऑफिसची वेबसाइट यात आहे. प्लग काढू नये. अडचण असल्यास काकांना विचारा.” झाडलोट करणाऱ्या मावशींना ती मी स्वतः वाचून दाखवली आणि व्हॅक्यूम क्लीनरसाठी वेगळा प्लग दाखवून दिला. हे काम सॉफ्टवेअरइतकंच महत्त्वाचं आहे.

सर्व्हरला कायमचा पत्ता

नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सावकाश सांगते.

ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२३. हा पत्ता खासगी असतो, ऑफिसच्या बाहेर त्याला अर्थ नाही. आपल्याला तेच हवं आहे. पण राउटर हे पत्ते तात्पुरते वाटतो. आज २३ मिळालेल्या यंत्राला पुढच्या आठवड्यात ३१ मिळू शकतो. मग सगळ्यांनी जपून ठेवलेला पत्ता चुकतो आणि लोक म्हणतात, वेबसाइट गेली.

उपाय असा. राउटरच्या खालच्या बाजूला स्टिकर असतो, त्यावर त्याचा पत्ता आणि पासवर्ड छापलेला असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून राउटरची पानं उघडा. तिथे डीएचसीपी नावाचा भाग असतो आणि त्यात पत्ता राखून ठेवण्याची सोय असते. प्रत्येक कंपनीच्या राउटरमध्ये तिला वेगळं नाव असतं, बहुतेक ठिकाणी रिझर्व्हेशन किंवा बाइंडिंग. जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून आपला सर्व्हर निवडा आणि त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवा. मी १९२.१६८.१.५० घेतला, कारण लक्षात राहायला सोपा. (टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे.) राउटरच्या या पानाचा फोटो काढून ठेवा. आमच्या इंटरनेटवाल्याचा माणूस एके दिवशी राउटर बदलून गेला, आणि नव्या राउटरमध्ये सगळ्या पत्त्यांचा तिसरा आकडाच वेगळा होता. तो फोटो होता म्हणून काय परत लावायचं ते समजलं. नाहीतर ते सगळं कुठून आठवणार?

सर्व्हर राउटरला वायरनेच जोडा. वाय-फायवर ठेवू नका.

आकड्यांऐवजी नाव हवं असेल तर सर्व्हरला ‘ऑफिस’ असं नाव द्या. मग बऱ्याच यंत्रांवर ‘ऑफिस डॉट लोकल’ असं टाकून ते उघडतं. सर्व्हरवर विंडोजऐवजी आपण उबंटू ही मोफत प्रणाली बसवणार आहोत; तिच्या डेस्कटॉप आवृत्तीत ही सोय आधीपासूनच असते. विंडोज १० आणि ११ मध्ये, ॲपलच्या यंत्रांवर चालतं. जुन्या अँड्रॉइड फोनवर चालत नाही. नाव टाइप करताना शेवटी एक तिरकी रेघ द्या, नाहीतर ब्राउझर ते शब्द गूगलमध्ये शोधत बसतो. आम्ही शेवटी प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये हेच पान पहिलं उघडेल असं करून दिलं आणि फोनसाठी भिंतीवर क्यूआर कोड लावला, त्यात आकड्यांचा पत्ता आहे.

आणखी एक. ऑफिसात येणाऱ्या ग्राहकांना वाय-फाय द्यायचं असेल तर राउटरमधलं पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क चालू करून तेच द्या. त्यावरून आपला सर्व्हर दिसत नाही ना, ते स्वतःच्या फोनवर तपासून बघा.

बसवायचं कसं

उबंटूची दीर्घकाळ आधार असलेली आवृत्ती घ्या, म्हणजे एलटीएस; सुरक्षेच्या दुरुस्त्या पाच वर्षं मिळत राहतात. पेन ड्राइव्हवरून ती बसवताना जुन्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी त्यात कुणाचं काही राहिलंय का ते दोनदा विचारा.

नंतर टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) अपाचे हा वेब सर्व्हर आणि डोकुविकी ज्या भाषेत लिहिलेली आहे ती पीएचपी बसवा. पीएचपीबरोबर तीन जोडभाग लागतात: एक्सएमएल, एमबीस्ट्रिंग आणि जीडी. मग डोकुविकीच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्थिर आवृत्तीची संकुचित फाइल उतरवा, उलगडा आणि अपाचेच्या फोल्डरमध्ये ठेवा. डोकुविकीला स्वतःच्या ‘डेटा’ आणि ‘कॉन्फ’ या दोन फोल्डरांमध्ये लिहिता यावं लागतं, म्हणून त्यांची मालकी वेब सर्व्हर ज्या खात्याने चालतो त्याला द्यायची. पहिल्यांदा उघडताना लाल अक्षरांत तक्रार आली तर दहापैकी नऊ वेळा ही मालकीच राहिलेली असते.

आता ब्राउझरमध्ये सर्व्हरच्या पत्त्यापुढे ‘इन्स्टॉल डॉट पीएचपी’ टाकलं की एक फॉर्म येतो. वेबसाइटचं नाव, मुख्य व्यवस्थापकाचं नाव, पासवर्ड. खाली प्रवेशाचं धोरण विचारलं जातं, तिथे ‘बंद’ हा पर्याय निवडा, म्हणजे लॉगिन केल्याशिवाय कुणालाच काही दिसत नाही. फॉर्म भरून झाल्यावर ती इन्स्टॉलची फाइल पुसून टाका.

यानंतरची एक तपासणी बरेचजण करत नाहीत. डोकुविकीची पानं साध्या फाइली आहेत हा तिचा गुण आहे, पण त्या फाइली कुणी थेट पत्ता टाकून उघडल्या तर लॉगिनला काही अर्थ उरत नाही. डोकुविकीने त्यासाठी बंदोबस्त करून दिलेला असतो, मात्र उबंटूवरचा अपाचे तो बंदोबस्त मुळात वाचतच नाही. त्याच्या मुख्य सेटिंगमध्ये ‘अलाउ ओव्हरराइड’ हे ‘नन’ असतं, ते वेब फोल्डरसाठी ‘ऑल’ करावं लागतं. केलं की लॉगआउट होऊन पत्त्यापुढे डेटा, पेजेस, विकी, आणि मग ‘डोकुविकी डॉट टीएक्सटी’ असं तिरक्या रेघांनी जोडून उघडून बघा. ‘मनाई’ असा संदेश आला तर ठीक. मजकूर दिसला तर आधी ते दुरुस्त करा आणि मगच पुढे जा.

मोठी पीडीएफ चढत नाही असं दिसेल. पीएचपीमध्ये एका फाइलची मर्यादा मुळात २ एमबी असते. ती आणि तिच्या शेजारची एकूण पाठवणीची मर्यादा, दोन्ही वाढवा आणि अपाचे पुन्हा सुरू करा.

मराठीचा प्रश्न

डोकुविकीची बटणं आणि सूचना मराठीत करता येतात. पण खरा प्रश्न बटणांचा नाही, आपल्या जुन्या फाइलींचा आहे.

महाराष्ट्रातल्या बहुतेक ऑफिसांत वर्षानुवर्षांची पत्रं श्री-लिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. त्या फाइलीत मुळात मराठी अक्षरं नसतातच. रोमन अक्षरांना मराठीचा चेहरा चढवलेला असतो. असा मजकूर कॉपी करून वेबसाइटवर चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि शोधूनही काही सापडत नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी ऑफिसातल्या एका ताईंनी मोठ्या हौसेने चार पत्रांचे नमुने चिकटवले आणि चारही असेच निघाले. त्या हिरमुसल्या होत्या. त्यात त्यांची चूक काहीच नव्हती.

युनिकोड, म्हणजे खरी मराठी अक्षरं साठवणारी पद्धत, हाच मार्ग. जुना मजकूर बदलून देणारी साधनं मिळतात. कुठल्या फॉन्टमधून बदलायचं ते बरोबर निवडा आणि बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व इकार डोळ्यांखालून घाला, कारण तिथेच गडबड होते. सगळी जुनी पत्रं बदलत बसू नका. रोज लागणारी आठ-दहा घ्या, बाकीची लागतील तेव्हा.

टाइप करण्यासाठी विंडोजमध्ये मराठी भाषा जोडून घ्या. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी, दोन्ही कळफलक मिळतात. विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबली की भाषा बदलते. नव्यांनी इनस्क्रिप्टच शिकावा असं माझं मत आहे. पंधरा दिवस त्रास होतो, मग हात थांबत नाही.

पानांच्या नावांबाबत एक अनुभव. पानाचं शीर्षक मराठीत ठेवा, पण पान तयार करताना त्याचं नाव छोटं आणि रोमन अक्षरांत द्या. मराठी नाव दिलं तर डोकुविकी फाइलच्या नावात प्रत्येक अक्षराचे आणि प्रत्येक मात्रेचे नऊ-नऊ चिन्हांत रूपांतर करते, आणि फाइलच्या नावाला २५५ ची मर्यादा असते. म्हणजे पंचविसेक अक्षरं-मात्रांतच जागा संपते. ‘नवीन ग्राहकाची नोंदणी करताना लागणारी कागदपत्रं’ एवढं नावसुद्धा बसत नाही. सेटिंगमध्ये ‘पहिलं शीर्षक हेच नाव म्हणून दाखवा’ अशी सोय आहे, ती चालू केली की वाचणाऱ्याला सगळीकडे मराठीच दिसतं.

आणि शोधासाठी: कुणी ‘जीएसटी’ देवनागरीत लिहितं, कुणी रोमनमध्ये. एकाने शोधलेलं दुसऱ्याला सापडत नाही. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी ‘दुसरी नावं’ अशी एक ओळ ठेवतो आणि त्यात लोक ज्या-ज्या शब्दांनी शोधतील ते सगळे लिहितो. ‘रजा, सुट्टी, लीव्ह’, असं.

पहिली पानं

पहिलं पान टेलिफोन नंबरांचं करा. सर्नमध्ये ते चाललं, आमच्याकडेही चाललं. त्यात ऑफिसातली माणसं, बँकेची शाखा, प्रिंटर दुरुस्त करणारा, इलेक्ट्रिशियन, पाण्याच्या जारवाला, जवळचा दवाखाना. ज्या दिवशी हे पान तयार झालं त्या दिवसापासून लोक आपणहून वेबसाइट उघडू लागले.

त्यानंतर तारखांचं पान. आमच्या धंद्यात महिना तारखांवर चालतो: टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) ७ तारखेपर्यंत, जीएसटीआर-१ हे जीएसटीचं विवरणपत्र दरमहा भरणाऱ्यांसाठी ११, पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी विमा) १५, जीएसटीआर-३बी हे दुसरं विवरणपत्र २०. मुदतवाढ आली की हे पान बदलायची जबाबदारी एकाच माणसाची, आणि त्याचं नाव पानावर लिहिलेलं.

मग कामांची पानं. यातल्या एकाचा मुख्य भाग दाखवते:

====== टीडीएस भरणे ======
कधी: पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. मार्चचा ३० एप्रिलपर्यंत.
कोण बघतं: काका. ते नसतील तर ताई.
  - लेजरमधून कलमवार बेरीज काढा.
  - बेरीज ग्राहकाला पाठवून होकार घ्या.
  - पोर्टलवर चलन तयार करून भरा.
  - बीएसआर कोड, तारीख आणि चलन क्रमांक त्याच दिवशी रजिस्टरमध्ये उतरवा.
**इथे चूक होते:** चलनात कलम चुकीचं निवडलं जातं. भरण्याआधी दुसऱ्याला दाखवा.
हेही बघा: [[tarkha|तारखा]], [[chalan|चलन दुरुस्ती]]

बाजूची समान चिन्हं म्हणजे शीर्षक, दोन तारे म्हणजे ठळक, दोन जागा सोडून आडवी रेघ म्हणजे क्रमांकाची यादी, चौकटी कंस म्हणजे दुसऱ्या पानाचा दुवा; त्यात उभ्या रेघेआधी पानाचं रोमन नाव, नंतर दिसणारं मराठी नाव. हे पाठ करावं लागत नाही, वर बटणं असतात.

सर्वांत मोलाची ओळ “इथे चूक होते” ही आहे. पायऱ्या कुठेही वाचायला मिळतात. चूक कुठे होते हे फक्त ते काम वीस वर्षं केलेल्या माणसाला ठाऊक असतं. काकांना टाइप करायला लावलं नाही. मी रोज दुपारी चहाच्या वेळी त्यांच्याशेजारी बसून विचारायचे, ते सांगायचे, मी लिहायचे आणि लगेच वाचून दाखवायचे. “हे असं नाही, तो अर्ज आधी,” असं म्हणत ते दुरुस्त करायचे. महिन्याभरात अशी जवळजवळ सगळी मुख्य कामं त्यांच्या डोक्यातून पानांवर आली. काही दिवसांनी ते स्वतःच म्हणाले, “तू ते कपाटांचं राहिलंय बघ.” कपाटांचं पान त्यांनी स्वतः, एका बोटाने टाइप करून, केलं.

काय ठेवायचं नाही

ग्राहकांचे पोर्टलचे पासवर्ड इथे ठेवू नका. पानं साध्या मजकुरात असतात, जो सर्व्हरपर्यंत पोहोचेल त्याला ती वाचता येतात. पासवर्डसाठी कीपास-एक्ससी किंवा बिटवॉर्डनसारखी वेगळी तिजोरी वापरा. आधार आणि पॅनच्या प्रतीही नकोत; २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर लोकांची माहिती सांभाळायची आपली जबाबदारी अधिकच वाढली आहे. पगाराची माहिती ठेवायचीच असेल तर वेगळ्या विभागात, फक्त ऑफिसच्या प्रमुखांना, आमच्याकडे सरांना, दिसेल अशी. डोकुविकीत विभागवार आणि गटवार परवानग्या देता येतात.

ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असं दाखवेल, कारण आतल्या पत्त्यावर साधी, कूटबद्ध न केलेली जोडणी आहे. वायरने जोडलेल्या छोट्या ऑफिसात हे निभावतं, पण वाय-फायचा पासवर्ड भक्कम ठेवा आणि इथला पासवर्ड बँकेचा किंवा ईमेलचा नसावा हे सगळ्यांना सांगा.

घरून बघायला मिळावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडू नका. त्या क्षणी तुमची आतली वेबसाइट सगळ्या जगासमोर येते. खरंच गरज असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा खासगी बोगदा वापरा आणि तो कुणातरी जाणकाराकडून लावून घ्या.

बॅकअप

डोकुविकीचा बॅकअप म्हणजे ‘डेटा’ आणि ‘कॉन्फ’ या दोन फोल्डरांची बाहेरच्या ड्राइव्हवर काढलेली प्रत. बस्स. एक छोटी आज्ञा ठरलेल्या वेळी चालेल अशी लावून ठेवायची.

मी ती रात्री दोनची लावली होती, कारण सगळीकडे तसंच सांगितलेलं असतं. महिन्याने ड्राइव्ह उघडून पाहिला तर त्यात एकही प्रत नव्हती. रात्री दोनला आमच्या ऑफिसात वीजच नसते. मेन स्विच मीच बंद करून जाते. त्या महिन्यात काही बिघडलं असतं तर काकांबरोबर बसून लिहिलेलं सगळं गेलं असतं. तेव्हापासून बॅकअप दुपारी दीडला होतो, जेवणाच्या सुट्टीत.

दोन ड्राइव्ह ठेवा. एक सर्व्हरला लागलेला, एक सरांच्या घरी, दर शुक्रवारी अदलाबदल. घरी जाणाऱ्या ड्राइव्हला पासवर्डचं कुलूप लावा. आणि तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा: लॉगिन होतंय का, टीडीएसचं पान दिसतंय का, त्यात कालचा बदल आहे का. आमच्याकडे हे तारखांच्या पानावर लिहिलेलं आहे, जीएसटीच्या तारखांच्या रांगेतच.

लोक वापरतील कसे

मीटिंग घेऊन भाषण केलं नाही. एक नियम केला: ग्रुपवर कुणी प्रश्न विचारला तर उत्तर न लिहिता त्या पानाचा दुवा पाठवायचा. पान नसेल तर आधी पान करायचं, मग दुवा पाठवायचा. सरांनीही हा नियम पाळला म्हणून तो टिकला. सर स्वतः फोन करून विचारत राहिले असते तर बाकीच्यांनीही तेच केलं असतं.

सगळ्यांना लिहिण्याची परवानगी द्या. एकाने पान उघडून बदल करायला घेतला की डोकुविकी ते पंधरा मिनिटं दुसऱ्यासाठी अडवून ठेवते, त्यामुळे एकमेकांचं लिखाण पुसलं जात नाही. अलीकडचे बदल एकत्र दाखवणारं एक पान असतं. मी रोज सकाळी तेवढं बघते, दोन मिनिटं लागतात.

प्रत्येक पानावर ‘शेवटचं तपासलं’ अशी तारीख ठेवतो. सहा महिन्यांहून जुनी दिसली की ज्याचं नाव पानावर आहे त्याने ते वाचून तारीख बदलायची, मजकूर तसाच असला तरी. चुकीचा फोन नंबर दोनदा लागला की लोक परत उघडत नाहीत.

कुणी नोकरी सोडून गेलं तर त्याच दिवशी त्याचं खातं बंद करा आणि त्याच्या नावावरची पानं दुसऱ्याच्या नावावर करा. नवं कुणी आलं तर पहिल्या दिवशी त्याला ‘नवीन आलात?’ हे पान उघडून द्या आणि जिथे समजलं नाही तिथे पानावरच प्रश्न लिहायला सांगा. गेल्या महिन्यात लागलेल्या मुलीने पहिल्याच दिवशी कपाटांच्या पानाखाली लिहिलं होतं, “तीन नंबरच्या कपाटाची किल्ली कुठे असते?” काकांनी संध्याकाळपर्यंत उत्तर लिहिलं: “गणपतीच्या फोटोमागे.”